माझा काढा आणि दिव्याचे मासे

३ जून, सोमवार
आज फार आनंद. माझा काढा लॅबमध्ये जाणार. नात दिव्यश्री तिथे झाडपाल्याचे अर्क तपासते, कुठल्याने मेंदू शांत होतो, झोप येते. मी म्हटलं, एवढं शिकून शेवटी आजीच्याच शेगडीपाशी आलीस. हसली. लगेच चिकपेट बाजारामागे जडीबुटीवाल्या शेषगिरी अण्णाकडे जाऊन जटामांसी आणली. तो म्हणाला, अक्का, स्वल्प थांबा, ताजा माल येतोय. थांबायला वेळ कुणाला. जुनीच घेतली. येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. चांगला शकुन.

४ जून
काढा दिला. ब्राह्मी, जटामांसी, जायफळ, गूळ. आमच्या ह्यांना शेवटचं वर्ष मीच रोज पाजला. पेला रिकामा झाला की डोळे मिटायचे. डॉक्टरच्या गोळीला ते जमलं नाही. हे गेल्यापासून केला नव्हता. मला लागत नाही, मी छान झोपते. दूधवाल्याच्या आधी जागी असते, ते वयामुळे.

८ जून
परीक्षा माशांवर आहे. पापणीच्या केसाएवढी पिल्लं. काढ्याच्या पाण्यात सोडायची, वर कॅमेरा. कमी पोहली तर काढा गुणाचा. मी म्हटलं, कोमट करून देतेस ना? म्हणाली, आजी, मासे आहेत ते.
ठरवलं. पास झाला की सगळ्या बिल्डिंगला वाटायचा.

१३ जून
साध्या पाण्यातले मासे नि माझ्या काढ्यातले, सारखेच पळाले.
मला काही वाटलं नाही. ह्यांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. सगळे रडत होते, मी भात वाढत होते.
जटामांसी जुनी होती. शिवाय माशांना कोण जवळ बसून पाजतंय. मी म्हटलं, आजोबा तर झोपायचे ना? दिव्या हळूच म्हणाली, आजोबा जागेच असायचे. मला सांगायचे, मी डोळे मिटले की तुझी आजी आडवी होते, नाहीतर बसून बडबडत राहील.
काहीतरीच. पुढच्या वेळी जायफळ वाढवायचं.

१६ जून, रविवार, दुपार
दिव्याने स्वतः काढा करून आणला. पाणचट, गूळ घालायला विसरली. लॅबच्या जागरणांनी पोरीचे डोळे आत गेलेत. म्हटलं, जा, पड जरा. म्हणाली, तू झोपलीस की जाते.
पेला रिकामा केला, डोळे मिटले. जरा वेळाने ती उठली, पंखा स्वल्प कमी केला, गेली. थोड्या वेळात तिच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं.
मग उठून हे लिहायला बसले. काढा गुणाचा आहे.