कोऱ्या लेटरहेडवरची सही

११ मार्च, धुळे
सकाळपासून आबांच्या बंगल्यावर. आबा म्हणजे आमच्या गटाचे नेते, त्यामुळे आम्ही नऊ आमदार एका सतरंजीवर आणि बाहेर चहा पिणारी दोनशे माणसं. मोठ्या पक्षाला बहुमतासाठी सात कमी पडतात, म्हणून आज आमचा भाव. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं आबाच हसत म्हणाले. म्हणजे आम्ही कोण ते कळलं.
ज्यांनी आणीबाणीत मला एकोणीस महिने आत सडवलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसायचं! मी तसं तोंडावर म्हणालो. आबा : "मास्तर, राग घरी ठेवा. बारा गावांना पाणी पाहिजे ना? ते सत्तेतून येतं, मोर्च्यातून नाही." बारा गावांची नळपाणी योजना सोडून प्रचारात मी दुसरं काही बोललोच नव्हतो.
दुपारी आबांनी प्रत्येकाकडून कोरं लेटरहेड घेतलं, खाली सही. "पाठिंब्याचं पत्र ऐनवेळी टाइप करायचं तर मुंबईत तुम्हाला कुठं शोधत बसू?" आठांनी पटापट केली. मी कागद बाजूला सरकवला. पण मी आत असताना या माणसानं घरी ज्वारीची पोती पाठवली, सासूबाईंच्या आजारपणात स्वतः दवाखान्यात बसला. त्याला काय म्हणायचं, विश्वास नाही? केली.

१४ मार्च, मुंबई
शपथ झाली. पाणीपुरवठा, राज्यमंत्री. उसना बंद गळ्याचा कोट, काखेत काचत होता. वरचे कॅबिनेट मंत्री मोठ्या पक्षाचे. हात मिळवताना माझ्याकडे न बघता फोटोवाल्याकडे बघत होते.
तरी खरं सांगायचं तर छाती भरून आली. कुणाला सांगणार नाही.

१९ मार्च, जळगाव
स्टेशनवर हार, बँड. मेहरूणच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, परसात भरीत-पुरीच्या पंगती. योजनेतल्या पहिल्या गावचे दगडूनाना काठी टेकत आले. "मास्तर, तुमी मंत्री व्हयनात, आते पानी यीच." म्हातारा रडला. मीही.
सगळे गेल्यावर मालतीला लेटरहेडचं सांगितलं. बायकोपाशी काय लपवायचं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "शाळेत कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या पोरांना तुम्ही शून्य द्यायचात." उगाच सांगितलं.

८ एप्रिल, मुंबई
तीन आठवडे झाले. खोली आहे, शिपाई आहे, बाहेर नावाची पाटी आहे. फाइल एकही नाही. सचिवांना विचारलं. "सर, कॅबिनेट मंत्री साहेबांचे आदेश आहेत, सगळं त्यांच्याकडूनच जातं." मग मी इथं कशाला? शोभेला?

१० एप्रिल
आजही नाही. पेपर वाचला, दोनदा.

३ मे, जळगाव
ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. गावांत टँकर आठवड्यातून एकदा. तालुक्यात दोन सत्कार घेतले, दोन्हीकडे शाल! या उन्हात शाल! भाषणात "लवकरच" हा शब्द किती वेळा आला, मलाच लाज वाटली. परतताना जीपमागे हंडे घेतलेल्या बायका उभ्या होत्या. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ जून, मुंबई
साहेबांच्या दाराबाहेर पावणेदोन तास. मी, राज्यमंत्री, अर्जदारांच्या बाकावर! शेजारच्या माणसानं विचारलं, "तुमचं काय काम आहे?" पाणी, म्हणालो.
आत गेल्यावर साहेब : "तुमच्या आबांना म्हणावं, उपमुख्यमंत्रिपदाचा हट्ट सोडा. मग बघू तुमच्या गावांचं." म्हणजे बारा गावं ओलीस. आबांना फोनवर सांगितलं तर नुसतं "हूं".

११ जुलै, मुंबई
आज कमाल झाली. साहेबांनी स्वतः बोलावलं. फाइल समोर, सगळे शेरे अनुकूल. "मास्तर, तुम्ही चिवट आहात. सोमवारी सही करतो, वित्त खात्याशी बोललोय." माणूस वाटतो तितका वाईट नाही. किंवा आपल्याला हवं ते दिलं की कुणीच वाईट वाटत नाही. असो. सोमवार!

१५ जुलै, दगडूनानांच्या गावात
शनिवार. राहवलं नाही, स्वतःच सांगायला आलो. ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली. सोमवारी सही, दिवाळीनंतर खोदकाम, असं छातीठोक सांगितलं. बायकांनी ओवाळलं.
चहा चालला होता, पंचायतीच्या रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या. आबांच्या गटानं पाठिंबा काढला. नऊ आमदारांची पत्रं राज्यपालांकडे. सरकार अल्पमतात. मग नावं. माझं तिसरं.
बशी हातातच राहिली. दगडूनानांनी विचारलं, "मास्तर, हाई नाव तुमनंच शे ना?" हो म्हणालो. पुढं काय सांगणार? इथं पाण्याचं बोलत होतो नि तिकडं माझ्याच सहीनं पाणी बंद केलं? कुणाला पटेल? ओवाळणारी एक बाई कुंकवाचं ताट घेऊन तशीच माघारी गेली.

१७ जुलै, धुळे
सरकार पडलं. थेट आबांकडे. वाटेत ठरवून आलो होतो की आज ऐकवायचंच. ऐकवलंही. नालायक म्हणालो, दगाबाज म्हणालो. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा माणूस, पान लावत शांत ऐकत होता.
"झालं? आता बसा. नवं सरकार चार दिवसांत. त्यात तुम्ही कॅबिनेट, पाणीपुरवठाच. ती फाइल तुमच्याच टेबलावर येईल, तुम्हीच मंजूर करा, कुणाच्या दारात बसायला नको."
आणि बदल्यात?
"पत्रं आमदारांना न विचारता दिली, अशी ओरड चाललीय. शुक्रवारी सभागृहात उभं राहून एवढंच सांगायचं की पाठिंबा मी विचारपूर्वक काढला. तुमचं नाव स्वच्छ आहे, तुमचं ऐकतील."
आणि नाही म्हटलं तर?
"तर बारा गावांना तुम्हीच समजवा." पान पुढं केलं. घेतलं नाही. एवढीच काय ती मर्दुमकी.

१९ जुलै, जळगाव
आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायचं कुणावर? आबांवर, की पेन हातात घेणाऱ्या मास्तरवर? मालती तीन दिवसांनी आज बोलली. "ज्वारी मी घेतली, मी शिजवली. फेडायची होती तर दळणं कांडून मी फेडली असती. तुम्हाला सही कुणी मागितली होती?" आबांनी, म्हणालो. ती आत निघून गेली.

२० जुलै, जळगाव
दुपारी दगडूनाना आले, सोबत चौघं. वाटलं, जोडे मारायला आलेत. सगळं खरं सांगितलं : कोरं लेटरहेड, आबांची अट, उद्या बोलायचंय ते. नानांनी काठी मांडीवर आडवी घेतली.
"मास्तर, सरकार कोनतं शे ते आम्हले नका सांगा. पानी कधी यी तेवढं सांगा."
म्हणालो, त्यासाठी भर सभागृहात खोटं बोलावं लागेल, नाना.
"मंग बोला. आमनी सून रोज दोन कोस जास हंडा लिसन. तिनासमोर खरं बोली दखाडा."
तिच्यासमोर खरं बोलून दाखवायचं, मी! आतून मालतीनं पाणी पाठवलं. पाचही जण अर्धा-अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं खाली न ओतता पेले तसेच ठेवून गेले.
उद्याचं भाषण लिहायला बसलोय. एक खरं, एक आबांचं, असे दोन कागद घेतले. दोन्हीकडे पहिलं वाक्य एकच आलं : "अध्यक्ष महाराज, ही सही माझीच आहे."
दुसरं वाक्य तासभर झाला येत नाही. मुंबईची गाडी साडेपाचला.