आजोबांच्या पायातल्या चपला

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझी कवळी आणि तुझी बायको, तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालते. मी बरी आहे, फक्त एका जागी बसवत नाही. सूनबाई लिहून घेते आहे आणि मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते आहे (तिने आत्ता सुस्कारा टाकला, तोही लिही म्हटलं).

कारण तुझा भाचा. निवृत्त झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, तो एकाएकी उठला आणि तुझ्या-माझ्या आजोबांच्या मागे लागला. तेच रे, गोऱ्या साहेबाच्या पलटणीबरोबर बोटीत चढले ते परतलेच नाहीत, आणि ज्यांच्यासाठी आपले वडील जन्मभर दाराला कडी लावू देत नव्हते. मलाही दफ्तरखान्यात नेलं. तिथला कारकून मलाच विचारतो, "आजोबा गेले कुठे?" म्हटलं, "ते ठाऊक असतं तर बाबा, तुझ्या दारात कशाला आले असते?" या खिडकीतून त्या खिडकीत फिरलो, हाती लागली धूळ (शिंका मात्र अस्सल त्या काळातल्या).

मग त्याने माझी पेटी उपसली आणि एक फोटो नाचवत आला. "आई, सापडले! हे नाक बघ!" नाक आपल्या घरचंच होतं, पण होतं तुझं! गिरणीतल्या नाटकात तू मिशी पिळून शिपाई झाला होतास, तो फोटो. भाड्याचे बूट शिरेनात म्हणून चपला घालून उभा आहेस. त्यावरही ह्याचं उत्तर तयार: लढाईत पाय सुजले असणार. मला अक्षर ओळखता येत नाही, पण भावाचे अंगठे ओळखू येतात. फोटोसमोर उभी राहून मी हसत सुटले. पण त्या दिवशी तो मागून मागून जेवला रे, आणि माझी जीभ आतच राहिली. आता फोटो दाराएवढा करून घेतलाय. रविवारी सगळ्या गोतावळ्यासमोर वरचा पडदा काढणार आहे. मला झोप नाही.

तुझी, अजून तुझ्यापेक्षा भराभर चालणारी,
ताई

ता.क. तू यायचंसच. फक्त मिशी काढून ये. आणि पायात बूट घाल.

ता.क. (सूनबाईचा, आईंना वाचून न दाखवलेला) मामा, फोटो तुमचा आहे हे ह्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. खऱ्या आजोबांचा कुठेच पत्ता नाही. पण आई फोटोसमोर इतक्या हसल्या, की ह्यांना वाटलं, आजोबा भेटल्याचा आनंद झाला. आता त्यांना सांगायचं कसं? तेव्हा हे उद्या तुम्हाला फोन करून मिशी काढायला सांगतील. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करा.