कोपऱ्यातल्या बाईची पाठ

अम्मा, मी स्टेजवर बसले होते. आधी हे सांगून टाकते, नाहीतर पोटात राहणार नाही. गुरुवारी संध्याकाळी, एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, वर दिवे, समोर चारशे-पाचशे माणसं, आणि तुझी मुलगी स्टेजवर. आज शनिवार. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, बाकीच्या बायका खोलीवर झोपायला गेल्यात. मी शटर अर्धं खाली ओढून कटिंगच्या टेबलावर बसून लिहितेय. चौथीनंतर तूच शाळेतून काढून मशीनवर बसवलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

इथे मस्कतला, कुरुम भागातल्या आमच्या शिलाईच्या दुकानाला लागून ब्यूटी पार्लर आहे. तिथे एक फिलिपिनो बाई केस कापते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो, मोडक्या हिंदीत बोलतो. ती मला ‘आते’ म्हणते, त्यांच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात. म्हटलं, आमच्यात आते बापाची बहीण असते, म्हातारी करू नकोस मला. ऐकत नाही. तर महिन्यामागे ती रंगीत झेरॉक्सची चळत घेऊन आली. तिच्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांमागे एक मोठा चित्रकार होऊन गेला, त्याची चित्रं. इथल्या त्यांच्या लोकांचा वर्षाचा कार्यक्रम होता, त्यात ती चित्रं माणसं उभी करून दाखवायची. पडदा उघडला की माणसं चित्रातल्यासारखीच, तेच कपडे, तसेच हात, दोन मिनिटं हलायचं नाही, मग पडदा बंद. हे तिच्याच डोक्यातून निघालेलं, म्हणून फसलं असतं तर नावही तिचंच गेलं असतं. कपडे मी शिवायचे. मी म्हटलं, मला चित्रातलं काय कळतं? ती म्हणाली, “आते, चित्रातलं मी बघते. तू कपडा बघ.”

कपडा तर मी बघितलाच. आणि तुला सांगते, वेड लागायची पाळी आली! त्या माणसाला शिवण येत असणार. एका चित्रात दोन बायका पायऱ्या चढतायत, पायऱ्यांवर फुलं पडलीत. एक उंच, लाल झग्यातली, ह्यांच्यावर राज्य करणाऱ्या देशाची, आणि दुसरी ठेंगणी, ह्यांच्या देशाची. उंच बाई बोट दाखवते, बघ तिकडे वर काय आहे. दोघींची तोंडं पलीकडे. आपल्याला दिसते ती पाठ! दुसऱ्यात टेबलाशी बसून दोन सरदार एकमेकांचं रक्त घातलेला पेला पिऊन भाऊ होतायत. गोरा चिलखतात, तोंड आपल्याकडे. ह्यांचा सरदार पाठमोरा. मी झेरॉक्स घेऊन पार्लरमध्ये धावत गेले, खुर्चीत गिऱ्हाईक होतं, तरी ओरडले, अगं हा तर पाठी काढतो! गिऱ्हाईक दचकलं. कात्री हातात धरून ती हसतेय.

तुला कळलं असेल मी का धावले. मी बारा वर्षांची. मास्तरणीबाईंचा ब्लाऊज मी पहिल्यांदा एकटीने शिवलेला, पुढून असा बसला होता की मीच मला शाबासकी दिली होती. बाई पडवीत आल्या, तू ब्लाऊज मांडीवर घेतलास, उलटा केलास आणि त्यांच्यासमोर पाठीची अख्खी शिवण टरटर उसवलीस. मी रडते आहे, बाई म्हणतायत असू दे हो, पोर आहे. तू मान वर केली नाहीस. “पुढून सगळ्याच शिवतात. बाई निघून जाताना लोकांना पाठ दिसते.” तीन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. आज इथल्या पोरींना मी तेच ऐकवते, आणि त्याही माझ्याशी बोलत नाहीत.

त्या ठेंगण्या बाईच्या फुगलेल्या बाह्यांना मी ऑर्गंडी घेतली आणि भाताची पेज गाळून खळ दिली, तू ओढण्यांना द्यायचीस तशी. कडक उभ्या राहिल्या! ती म्हणाली, आमच्याकडे हे कापड अननसाच्या पानांच्या धाग्याचं करतात. म्हटलं, अननस खा, पेजेचं काम पेज करते.

चौथं-पाचवं असं करत शेवटचं राहिलं, सगळ्यात मोठं. खरं चित्र म्हणे आमच्या दुकानाच्या पुढच्या भिंतीएवढं आहे, त्याला परदेशात मोठं बक्षीस मिळालं होतं. झेरॉक्सवर मात्र सगळं काळं-तांबडं, गर्दीच गर्दी. उजव्या कोपऱ्यात जमिनीवर एक बाई बसलेली, पुन्हा पाठमोरी. पाठीवरचा कपडा सुटलेला, खांद्यावरून घसरलेला. मी काय केलं असेल? नीट केलं! पाठीला पट्टी घातली, पाच हुक लावले, खांदा वर घेतला, काठ दुमडून हेम घातली, इस्त्री मारली. बुधवारी पुतळ्याला घालून तिला बोलावलं. ती बघते, झेरॉक्सकडे बघते, पुन्हा बघते. मग हसत सुटली ती खाली फरशीवरच बसली. “आते, हे घालून ती लग्नाला जाईल!”

मला राग आला. म्हटलं, फाटका कपडा माझ्या हातून बाहेर जाणार नाही, दुसरीकडे शिवून घे. तेव्हा तिचं हसू थांबलं. तिने झेरॉक्सवर बोट ठेवून सांगितलं. ही जुन्या काळची गुलाम माणसं, लोकांना मजा म्हणून मरेपर्यंत झुंजवायचे. मेली की दोर बांधून तळघरात ओढत आणायचे. हे बाजूचे थांबलेत ते अंगावरचं काढून घ्यायला. हा म्हातारा दिवा घेऊन आपला माणूस शोधतोय. आणि ही कोपऱ्यातली, हिचाही कोणीतरी त्यांत आहे. “हिला हुक लावायला वेळ कुठे होता, आते?”

ती गेल्यावर मी तुझी छोटी कात्री काढली आणि स्वतःच्या हाताने स्वतःची शिवण उसवली. एकेक हुक. अम्मा, तू कशी उसवायचीस गं, अशी टरटर?

गुरुवारी दुपारी चारला तिचा फोन. कोपऱ्यात बसायची मुलगी एका घरात कामाला, तिच्या मॅडमकडे पाहुणे आले, सुट्टी खलास. दुसरी सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या चित्रात. “आते, तूच बस. तोंड दिसतच नाही. फक्त पाठ पाहिजे.” मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, माझा नवरा समोर बसणार आहे. ती म्हणाली, “ती बाई नसेल तर चित्र मेलेल्या माणसांचंच राहील. त्यांच्यासाठी रडायला कोणी नको?” मग इथल्या अरबीत, “यल्ला, आते!” चल लवकर, आणि फोन बंद. घाबरू नकोस, उघडं काही नव्हतं, आतून अंगाच्या रंगाचं अस्तर होतं. ते आधी बसणार होती त्या गोऱ्या पोरीच्या रंगाचं, म्हणून मी चहाच्या काळ्या पाण्यात बुडवलं, इस्त्रीने वाळवलं. डोक्याला कापड गुंडाळलं. अंगाला रात्रभर चहाचा वास.

पडदा उघडला आणि हॉलमध्ये आवाज नाही. एवढी माणसं, पण खोकलासुद्धा नाही. माझ्यासमोर नुसती काळी रंगवलेली भिंत. दोन मिनिटं फार मोठी असतात. तू गेलीस तेव्हा मला इथे येऊन दुसरं वर्ष चाललं होतं. फोन बाजूच्या कोल्ड स्टोअरात, म्हणजे किराणा दुकानात, यायचा. मला बोलावणं आलं, मी धावत गेले, तोवर तिकडे तुला माती देऊन माणसं घरीसुद्धा आली होती. पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात, अर्बाब लांब सलालाला गेलेला. मी परत येऊन मशीनवर बसले, आणि संध्याकाळपर्यंत दोन काळ्या अबाया शिवून पुऱ्या केल्या. एक टाका वाकडा नाही. सगळ्या म्हणाल्या, काय बाई घट्ट आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात, पुन्हा उघडावा लागला. ती फिलिपिनो मागे येऊन माझ्या गळ्यात पडली, माझ्या अंगाला फासलेला रंग लागला तिला. नवऱ्याला मी काही सांगितलंच नव्हतं. बरक्याला घरी परत जाताना, तो चालवतो त्या मासळीच्या गाडीत, तो स्वतःहून म्हणाला, “ती कोपऱ्यातली बाई चांगली बसली होती. पाठ अशी हलत होती, खरीच रडत होती वाटतं. आपल्याकडची नसेल, ह्या लोकांना असलं जमतं.” मी म्हटलं, रस्त्याकडे बघ. आणि खिडकीकडे तोंड करून इतकं हसू आलं मला! वीस वर्षं संसार केला, बायकोची पाठ ओळखता येत नाही.

तुला ओळखता आली असती. मी मस्कतला निघाले त्या दिवशी एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवला होता, आणि तू मागून म्हणालीस, “थांब. वळू नको.” माझ्या पाठीवर दोऱ्याचं टोक लोंबत होतं. कात्री माझ्या बॅगेत, तूच दिलेली. तू दातांनी तोडलंस. तुझा श्वास मानेला लागला. मी वळले नाही, तू सांगितलं होतंस म्हणून, आणि कंडक्टर ओरडत होता म्हणून. तुझं तोंड बघायचं राहिलं ते तेव्हापासूनच.

चारला दहा कमी आहेत. शटर वर करायला हवं, पोरी येतील. हा कागद मशीनच्या खालच्या खणात ठेवते, तुझ्या कात्रीखाली. अजून कुठे पाठवणार?

एक राहिलं. पडदा उघडायच्या आधी ती फिलिपिनो वाकून म्हणाली, “आते, मागे धागा लोंबतोय, कापू?” मी म्हटलं, राहू दे, चित्रात आहे तो.

चित्रात नव्हता, अम्मा. मी मुद्दाम ठेवला होता.