फीत क्रमांक सतरा आणि न उच्चारायचे अक्षर

प्रति,
माननीय कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय : ध्वनिफीत क्र. १७ 'अशुद्ध उच्चार' या शेऱ्याखाली नष्ट न करण्याबाबत.
संदर्भ : भाषा प्रयोगशाळेची निर्लेखन यादी व माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

सविनय सादर करतो, की फ्रेंच कविता आणि त्यांना लावलेल्या चाली यांचा संबंध शिकवत मी या विद्यापीठातून निवृत्त झालो. फ्रेंच विभाग मला गवई समजे आणि संगीत विभाग भाषेचा मास्तर. ना घरचा ना घाटचा राहूनही पगार वेळेवर मिळाला, सबब त्याबद्दल तक्रार नाही.

सदर फितीवर माझ्या पत्नीने वर्गात ऐकवण्यासाठी फ्रेंच गीते गायिली आहेत. तिला फ्रेंच येत नव्हते. ओळी मी देवनागरीत लिहून दिल्या होत्या. तपासणी समितीचा आक्षेप असा, की शब्दाच्या शेवटचे जे 'e' हे अक्षर उच्चारायचे नसते, ते ती उच्चारते. हे खरे आहे. मात्र बोलताना मुके राहणारे ते अक्षर गाताना म्हणायचे असते. तिथे त्याला स्वतःचा सूर मिळतो. याच एका अक्षरावर मी उभी हयात काढली. समितीचे अध्यक्ष माझेच विद्यार्थी. त्या तासाला ते बहुधा गैरहजर असावेत.

पहिल्या अर्जावर फ्रेंच विभागाने कळवले, की गाणे हा संगीताचा प्रश्न आहे. दुसऱ्यावर संगीत विभागाने कळवले, की भाषा परकी असल्याने मत देता येत नाही. दोन्ही विभागांत फीत कोणीच ऐकलेली नाही.

मागील वर्षी पत्नी वारली. घरात तिचा आवाज कशातही नाही. या फितीच्या शेवटी, यंत्र बंद करायचे राहून गेल्याने, ती मला विचारते, "अहो, म्हणायचं नाही तर लिहितात कशाला?" मी सांगतो, "गाण्यासाठी राखून ठेवतात." मग ती हसते. हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, हे मान्य.

महोदय, दारावरच्या पाटीवर तिचे नाव अजून आहे. त्या नावाने हाक मारण्याची सोय उरलेली नाही. लिहिलेले पण न उच्चारलेले असे आमच्या घरात आता पुष्कळ झाले आहे आणि मला ते सहन होत नाही. तरी फीत पुसू नये. नियमात बसत नसल्यास निदान नक्कल द्यावी, ही कळकळीची विनंती.

तिसऱ्यांदा त्रास देणारा,
आपला नम्र
(सही)
निवृत्त प्राध्यापक, दोन्ही विभाग

सोबत :
१) दोन्ही विभागांची उत्तरे.
२) कोरी कॅसेट, एक. चालवून पाहिली आहे. आवाज नीट धरते.