अनुमोदन आहे

भाऊ, सगळी वस्ती तुम्हाला भाऊ म्हणायची म्हणून मीपण भाऊच म्हणत आलो, बाबा कधी म्हटलंच नाही. तुम्ही वारलात तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथंच सुटली. मग नाशिक, मग गोवा, तिथं बीचवरच्या एका शॅकवर, म्हणजे झोपडीतल्या हॉटेलात, भांडी घासली, तो किस्सा वेगळाच आहे, जाऊ दे. आता अंबरनाथहून शेअर रिक्षा पकडून कॅम्प तीनच्या कारखान्यात जातो, शिवलेल्या जीन्सचे धागे कापतो. राग आलाय म्हणून लिहितोय.

तुम्ही दोनदा नगरसेवक झालात. गटार तुंबलं की लुंगीवरच निघायचात, कोणाला दाखला पाहिजे असला तर जेवणाचं ताट बाजूला. ते खरं आहे. मग वॉर्ड महिला राखीव झाला आणि तुम्ही आईला उभं केलंत. बॅनरवर तुम्ही हातभर, आई कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी. निवडून आली ती, हार तुमच्या गळ्यात.

अजून दिसतं मला. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही दारात उभे राहून तिला शिकवताय. "सभेत कोणी ठराव मांडला की वर प्रेक्षकांच्या गॅलरीत माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की म्हणायचं, अनुमोदन आहे. बास."

"आणि ठराव कशाचा ते समजलं नाही तर?"

"समजून काय करायचंय तुला?"

तिनं पिठाच्या हातांनी दोनदा म्हणून दाखवलं. तुम्ही हसलात.

मग तो ठराव आला. आपल्याच गल्लीतलं बायकांचे संडास पाडून तिथं आजोबांच्या नावानं व्यायामशाळा. तुम्ही मान हलवलीत, आईनं अनुमोदन दिलं. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय नगरसेविकाबाई, उद्यापासून तुमच्याकडे यायचं का आम्ही, डबा घेऊन?" सगळ्या हसल्या. आई अर्धा हंडा घेऊन परत आली. "मला सांगायचं तरी होतं," एवढंच म्हणाली. तुम्ही पेपर खाली न करता म्हणालात, "सांगून काय, विरोध केला असतास?" त्यानंतर पाणी भरायला मी जायचो. तुम्हाला ते कधी दिसलं पण नाही.

रविवारी पक्षाची माणसं आली. वॉर्ड परत महिला राखीव. मला म्हणाली, "वहिनी भाऊंच्या पुण्याईवर येतील निवडून. पुढचं सांभाळायला तू आहेसच." आई आत डाळ निवडत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली, म्हणाली, "फॉर्म ठेवून जा. वाचून सांगते."

"वाचायचंय काय त्यात, वहिनी? घरातनं होकार आलाय."

ते गेल्यावर तिनं मला विचारलं, "ह्यांना हो कोण बोललं?"

मी म्हटलं, "ते असंच बोलतात."

आता ती चष्मा लावून फॉर्मची एकेक ओळ वाचतेय. उभी राहणार की नाही, सांगत नाही. मी तिच्यासमोर बसून हे लिहितोय, आणि ती विचारतेय कोणाला लिहितोस.

मीच बोललो होतो, भाऊ. ती आत होती, दहा पावलांवर. हाक मारायची माझ्या डोक्यातच आलं नाही.