अप्पांची एक नंबर दाढ

लातूर,
गुरुवार

प्रिय शिवकन्या,

पिशवीत बरणीच्या खाली शेंगदाण्याची चटणी आहे आणि चटणीच्या खाली हे पत्र. तुझ्या अप्पांनी पिशवी बांधायच्या आत मी ते सरकवलं. फोन का केला नाहीस, असं म्हणशील. एरवी यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण तुझा फोन आला की टीव्हीचा आवाज आपोआप बारीक होतो. आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगता येणार नाही. त्यांची एक दाढ वाचवायची आहे, सोमवारच्या आत. कशी, ते सांगते, पण मधे मधे घाई करू नकोस. आई झाले तरी मी मास्तरीणच.

आधी बरणीचं. या खेपेचा माल चांगला आहे, असं आडतीच्या मालकांचं, म्हणजे तुझ्या अप्पांचं, मत आहे. तुझ्या प्रबंधासाठी लोकांचे काढलेले दात लागतात, आपल्या दातांच्या अमरनाथ डॉक्टरांना तेवढं विचारून ठेव, असं तू मला म्हणाली होतीस. मी ते यांच्या कानावर घातलं आणि तिथंच चुकले. आता लातुरातल्या दातांच्या एकूण एक दवाखान्यात हे स्वतः फेरी मारतात. संध्याकाळी हातमोजे घालून दात स्टीलच्या ताटात पसरतात आणि तुरीचा नमुना पाहावा तसे पाहतात. किडका वेगळा, तुटका वेगळा, आणि धड दाढ सापडली की म्हणतात, एक नंबर. ते ताट मी स्वयंपाकघरातून कायमचं बाहेर काढलं आहे. पण बरणी त्यांनी फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवली, आणि त्याच दिवशी तुझी उदगीरची कमलम्मा आत्या लोणचं घ्यायला स्वतः उठली. तेव्हापासून ती आपल्याकडे फक्त चहा पिते, तोही उभ्यानं.

हे लोकांशी बोलताना तोंडाकडे बघतात, आणि तेही नुसतं तोंडाच्या आत. परवा औशाला एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आजोबांना म्हणाले, 'तुमची ती डाव्या अंगाची हालायली. पडली तर टाकू नका, आमच्या पोरीला लागती.' आजोबांनी पुढचा सगळा कार्यक्रम तोंड मिटून काढला. आडतीवरच्या एका जुन्या शेतकऱ्यानं तर त्याच्या वडिलांची कवळी रुमालात बांधून आणून दिली. ती चालत नाही हे यांना ठाऊक होतं, पण माणसाचं मन मोडवलं नाही. पिशवीत ती पण आहे, दचकू नकोस.

आता हे सगळं तोच माणूस करतोय, हे लक्षात घे. तू पुढं शिकायला नांदेडला निघालीस तेव्हा यांनी केवढा दंगा केला होता. मेन रोडला गाळा घेतलेला, तुझ्या नावाची पाटी रंगवून आणलेली, आणि तू म्हणालीस, मला इतक्यात दवाखाना नको, मला दातात भरायचं सिमेंट सुधारायचं आहे. 'शिमेंटच कालवायचं व्हतं तर गवंड्याच्या हाताखाली ठिवलं असतं,' हे त्यांचं वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ती पाटी गोदामातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून गेली. तेव्हापासून, दिवाळीतला एक प्रश्न सोडला तर, तुम्हा दोघांचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' याच्या पुढं सरकलेलं नाही. त्यांना माघार घ्यायला लाज वाटते आणि तुला आधी बोलायला. मधल्यामध्ये माझा जीव जातो.

पण तुझ्या पाठीमागं ते काय बोलतात ते ऐक. मागच्या खेपेला नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे. यांनी सरळ सांगितलं, दात. तो बिचारा दोन पावलं मागं सरकला, तर हे त्याला समजावायला बसले. भरलेला दात पुन्हा किडतो तो कडेनं, सिमेंट आणि दात जिथं भेटतात त्या फटीतून. तिथं जंतू तगू नयेत म्हणून आमची पोर सिमेंटात चांदी मिसळते. चांदी म्हणजे मिठाईवरचा वर्ख नाही, मैद्याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना दिसायची नाही इतकी. जास्त पडली तर दात काळा पडतो, कमी पडली तर जंतू मजेत. 'त्येचं माप काढायलीय माझी पोरगी,' असं म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला होता, ते तू ऐकायला हवं होतंस. गाडी त्या दिवशी उशिरा सुटली.

तर ती दाढ. उजवीकडची, खालची. गार पाणी लागलं की हे डोळे मिटून घेतात, धपाटं दुधात कुस्करून खातात. अमरनाथ डॉक्टर म्हणाले, दाढ भक्कम आहे, कीड वरवरची आहे, भरून घ्या, जन्मभर साथ देईल. हे म्हणाले, काढा. डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हणून सोमवारी देगलूरला हळदीच्या सौद्याला जाणार आहेत, तिथं म्हणे एक जण काही न विचारता उपटून देतो. मला वाटलं, सुईला घाबरतात, किंवा म्हातारपणाचा हट्ट आहे. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही.

आज दुपारी ताकाचा पेला समोर ठेवला आणि म्हटलं, खरं काय ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही. मग बोलले. दिवाळीत तू मला चांदीचं समजावून सांगत होतीस, तेव्हा यांनी मधेच चाचरत विचारलं होतं ना, माझ्या दाढंत भरशील का? तू म्हणालीस, जिवंत माणसाच्या तोंडात घालायला अजून परवानगी नाही, आधी काढलेल्या दातांत भरून तपासायचं असतं. आणि तू बॅग भरायला निघून गेलीस. तुझ्या लेखी तो विषय संपला. हे मात्र तेव्हापासून विचार करत बसले. मला म्हणाले, 'जित्या तोंडात परवानगी न्हाई. मग दाढ भायेर आली की झालं. पोरगी लोकाच्या दाढा भरायली, बापाची एकबी नको व्हय?' शिवकन्या, मला आधी इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला, आणि मग रडू आवरेना. एक नंबरची दाढ ते तुला बरणीतून पाठवणार होते, नाव न सांगता.

म्हणून लिहिलं. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. चांदी तिथंच राहू दे, साधं सिमेंट चालेल, आणि अमरनाथ डॉक्टर त्यांची खुर्ची द्यायला तयार आहेत. तू हात लावणार म्हटल्यावर हे देगलूरचं नावही काढणार नाहीत. खुर्चीत एकदा तोंड उघडून बसले की तासभर त्यांना एक शब्द बोलता येणार नाही. तेवढ्यात तुझ्या मनात साठलेलं सगळं त्यांना सुनावून घे, पाटीपासून गवंड्यापर्यंत. आणि तोंडातला कापूस काढलास की लगेच हात धुवायला पळू नकोस. त्यांनाही काही बोलायचं आहे.

तुझीच,
अव्वा