शेवाळाला नमस्कार

अप्पा, देवणीच्या तुमच्या शाळेत नवी प्रयोगशाळा बांधली आहे आणि तिला तुमचं नाव देणार आहेत. रविवारी कार्यक्रम आहे. मुलगी म्हणून आणि तुमचाच विषय शिकवणारी म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असा हेडमास्तरांचा आग्रह. नांदेडच्या घरी सकाळपासून भाषण लिहायला बसले आहे, पण दोन ओळी झाल्या की भाषण राहतं बाजूला आणि मी तुमच्याशीच भांडायला लागते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही म्हातारा होत नाही.

भाषणात काय सांगायचं ते ठरलेलंच आहे. मी नववीत, तुमच्याच वर्गात. तळ्यावरून बादलीभर हिरवंगार शेवाळ आणायला लावलंत, ते टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "पोरंहो, हात जोडा. ह्यो आपला मूळपुरुष हाय." सगळा वर्ग खिदळला. तुम्ही हसला नाहीत, स्वतः हात जोडून उभे राहिलात, तेव्हा आम्हीही मुकाट जोडले. मग पृथ्वी कशी तापलेला गोळा होती, कशी निवली, पाऊस कोसळत राहून समुद्र कसे भरले, हे तुम्ही असं सांगत होता की जणू लहानपणी स्वतः पाहिलं होतं. त्या पाण्यात कुठंतरी आपल्यासारखंच दुसरं घडवू शकेल असं काहीतरी जमून आलं. "कसं जमलं, ते मला ठाऊक न्हाई आन् अजून कुणालाच पुरतं ठाऊक न्हाई," हेही तुम्हीच सांगितलंत. मग कोट्यवधी वर्षं नुसते एकपेशीय जीव. त्यातल्या काहींनी शेवाळासारखं ऊन खाल्लं आणि आपल्याला श्वास घेण्याजोगी हवा केली. मग मासे, त्यातलेच काही चिखलात सरपटत वर आलेले, आणि लई उशिरा आपण. "झाड, बेडूक, बैल, माणूस, समदे एकाच घरचे. उगं भाऊबंदकी करू नका." गाव तुम्हाला शेवाळमास्तर म्हणायचं आणि तुम्हाला ते आवडायचं.

ती बादली आणणारा मुलगा तुमचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. आपल्या घरात ज्यांना खालचं म्हणत, त्या जातीचा. तुम्ही भर वर्गात त्याला हिरा म्हणायचात, आपली पुस्तकं वाचायला द्यायचात. फक्त ती ओट्यावर बसून द्यायचात, त्याला आत कधी बोलावलं नाहीत. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ओट्यावर वारा चांगला येतो, म्हणून बसत असाल असं वाटायचं.

पुढे लातूरला तो आणि मी एकाच कॉलेजात शिकलो आणि लग्न करायचं ठरवलं. संक्रांतीला मी घरी येते. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर जेवताय, आणि मी उभ्या उभ्या सांगून टाकते. मी घाबरलेसुद्धा नव्हते, अप्पा. आज संताप येतो तो त्याचाच. जो माणूस शेवाळाला हात जोडायला लावतो, तो जातीपाशी कशाला अडेल, अशी माझी बापडीची समजूत. तुमचाच धडा मी तुमच्यापुढे मांडला. "समदे एकाच घरचे, असं तुम्हीच म्हणलात ना?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "हे बघ माय, वर्गातलं वर्गात. हितं सोयरिकीची गोष्ट हाय." मग म्हणालात, "पोरगं गुणाचं हाय, लई गुणाचं. पर आपल्यातलं न्हाई." आईचा भाकरीवरचा हात क्षणभरही थांबला नाही. तुम्ही त्याला शिव्या दिल्या असत्यात तर मला सोसलं असतं. त्याचे गुण तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होते आणि तरीही तुम्ही त्याला नाकारलंत.

वर्षाच्या आत चाकूरचं स्थळ आलं. तुम्ही कूळ विचारलंत, मूळ विचारलंत, देवक विचारलंत. आपलं देवक पाणकणीस. तळ्याकाठच्या चिखलात उगवणारं ते गवतच, पण ज्यांचं ज्यांचं ते देवक, ते सगळे एकमेकांचे भाऊबहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. त्यांचं देवक वेगळं निघालं तेव्हा तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात. वर्गात कोट्यवधी वर्षं मागे जाताना ज्यांना कधी दम लागला नाही, ते तुम्ही घरात पणजोबापाशी थांबलात. लग्नात मांडवाच्या मेढीला पाणकणीस बांधलं आणि तुम्ही कोरं धोतर नेसून त्याच्यापुढे वाकलात. हळद लागलेली मी शेजारीच बसले होते. चिखलातलं गवत आपलं सगं होतं आणि तुमचा हिरा परका. माझा नवरा वाईट नाही, उगाच त्याच्यावर राग काढणार नाही. संसार झाला. झाला म्हणजे झाला.

तुमच्या हिऱ्याने गाव सोडलं ते सोडलंच. तुम्ही गेलात तेव्हाही आला नाही. परवा हेडमास्तरांना फोनवर त्याचं नाव घेऊन विचारलं, त्याला बोलावलंय का? ते म्हणाले, "कोण हो, मॅडम?" मी विषय बदलला.

भाषणात त्या संक्रांतीबद्दल बोलायचं, असं मी ठरवलं होतं. म्हटलं, कळू दे लोकांना, मास्तरांचा धडा घराच्या उंबऱ्याशी संपायचा. आता भाषण लिहून झालंय आणि त्यात फक्त वर्ग आहे. आई पहिल्या रांगेत बसणार, तिने नवं लुगडंही काढून ठेवलंय, तिच्यासाठी गप्प बसले असं दिवसभर स्वतःला सांगून पाहिलं. पण ते खरं नाही. हा कागद कुणी वाचणार नाही, तेव्हा इथं तरी खरं लिहिते. लोक तुम्हाला मोठा माणूस म्हणतील ना, अप्पा, ते ऐकायला मलाच जायचंय.